पगार तंबाखूत, कर तंबाखूत, दंडही तंबाखूत

४ जुलै २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची अडीचशे वर्षं. त्या निमित्ताने वॉशिंग्टन, जेफरसन, बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा हे सगळं पुन्हा वाचायला मिळतं आहे. १७७६ च्या आधी तिथे काय चाललं होतं असं विचारलं, तर मात्र बहुतेकांना मेफ्लॉवर जहाज, काळ्या कपड्यांतली धर्मनिष्ठ माणसं आणि टर्कीची मेजवानी एवढंच आठवतं. हा 'आधीचा' काळ थोडाथोडका नाही, १६९ वर्षांचा आहे. आपल्याकडे राणीच्या जाहीरनाम्यापासून स्वातंत्र्यापर्यंत ८९ वर्षं गेली, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

एवढ्या काळात ही माणसं खात काय होती, कमवत कशातून होती, राबत कोण होतं? तेराही वसाहतींचं उत्तर एका लेखात मावणार नाही. म्हणून त्यातली सगळ्यात जुनी, व्हर्जिनिया, घेऊ. ती मेफ्लॉवरच्या तेरा वर्षं आधीची, आणि तिच्या जन्माशी धर्मापेक्षा हिशेबाच्या वहीचा संबंध जास्त.

एकच माणूस, दोन कंपन्या

१६०६ साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. ही भागभांडवलाची कंपनी होती. अनेकांनी थोडे थोडे पैसे घालायचे, नफा-तोटा त्याच प्रमाणात वाटून घ्यायचा, आणि एकट्याने करायला भीती वाटेल असा उद्योग सगळ्यांनी मिळून करायचा. १६०९ पासून कंपनीचा एक भाग १२ पौंड १० शिलिंगला मिळत होता. पुढे पैसा कमी पडला तेव्हा कंपनीने लंडनमध्ये चक्क लॉटरी काढली.

या कंपनीची सूत्रं बरीच वर्षं सर थॉमस स्माइथ यांच्या हातात होती. हे नाव आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नरही हेच. सुरतेची वखार आणि व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या पहिल्या वस्तीचं लाकडी कुंपण, या दोन्हींमागे लंडनच्या त्याच व्यापारी मंडळींचा पैसा होता.

मग दोन्ही ठिकाणचं इतकं वेगळं कसं झालं? सुरतेत बाजार आधीपासून होता. विणकर होते, दलाल होते, सराफ होते, मुघलांचे अंमलदार होते. इंग्रजांनी चांदी घेऊन यायचं, कापड विकत घ्यायचं आणि परत जायचं. व्हर्जिनियात थोडी कातडी सोडली तर विकत घेण्यासारखा तयार माल नव्हता. कंपनीला सोनं सापडेल, आशियाकडे जाणारी पाण्याची वाट सापडेल अशी आशा होती. दोन्ही सापडलं नाही. तेव्हा नफा हवा असेल तर माल तिथेच पिकवावा लागणार होता, आणि पिकवायला माणसं लागणार होती. पुढच्या दीडशे वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं मूळ या अडचणीत आहे.

आधी भूक

१६०७ च्या मे महिन्यात शंभराच्या थोडे वर पुरुष आणि मुलगे जेम्स नदीच्या काठी उतरले. जानेवारी १६०८ मध्ये नवी रसद घेऊन जहाज आलं, तेव्हा त्यांतले ३८ जण जिवंत होते.

शेती का केली नाही, हा पहिला प्रश्न मनात येतोच. जुन्या पुस्तकांत याचं खापर आळशी 'जंटलमन' मंडळींवर फोडलेलं असतं. ते अगदी खोटं नाही. पण १९९८ साली शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतली वर्तुळं मोजून काढली, तेव्हा दिसलं की १६०६ ते १६१२ ही वर्षं गेल्या सात-आठशे वर्षांतल्या सर्वांत वाईट दुष्काळांपैकी होती. जागाही दलदलीची, उन्हाळ्यात नदीचं पाणी मचूळ. शिवाय पिकवाल ते कंपनीच्या कोठारात जाणार आणि मापाने वाटलं जाणार, मग स्वतःहून जास्त घाम कोण गाळणार? पुढे १६१४ च्या सुमारास माणशी तीन एकर स्वतःसाठी कसायला दिली आणि उत्पादन वाढलं.

तोवर भिस्त होती ती स्थानिकांच्या मक्यावर. या प्रदेशात सुमारे तीस जमातींचं एक मोठं राज्य होतं. त्याच्या प्रमुखाला इंग्रज पाउहॅटन म्हणत. दुष्काळात त्याच्या लोकांकडेही देण्याइतकं उरत नव्हतं, आणि इंग्रज बंदूक रोखून मागत होते. १६०९-१० च्या हिवाळ्यात पाउहॅटनने कुंपणाबाहेरची वाट अडवली. आत कोंडलेल्या काहीशे लोकांपैकी वसंतापर्यंत साठच्या आसपास उरले. त्यांनी घोडे खाल्ले, उंदीर खाल्ले, चामडं उकळून खाल्लं. माणसाचं मांस खाल्ल्याच्या गोष्टी त्या काळच्या कागदांत होत्या, आणि लोक त्यांना अतिशयोक्ती समजत. २०१२ साली उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली, तिच्यावर मांस काढण्यासाठी केलेल्या वारांच्या खुणा होत्या.

पान सापडलं

वसाहत गुंडाळायचीच वेळ आली होती. तिला तारलं तंबाखूने. स्थानिक लोक ओढत तो तंबाखू जहाल होता, लंडनमध्ये खपत नव्हता. जॉन रॉल्फ या वसाहतकाराने १६१२ च्या सुमारास दक्षिणेकडच्या स्पॅनिश मुलखातलं सौम्य तंबाखूचं बी लावून पाहिलं. (पाउहॅटनची मुलगी पोकाहॉन्टस हिच्याशी लग्न केलेला तो हाच.) १६१६ साली इंग्लंडला गेलेला माल जेमतेम अडीच हजार रत्तल होता. एक रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. १६२९ पर्यंत हा आकडा पंधरा लाख रत्तलांच्या घरात गेला.

तंबाखूचं वेड त्या वेळी सगळ्या जगाला लागत होतं. साधारण याच सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला, तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि चिलीम-तंबाखूचा नजराणा बादशहाकडे नेला. इंग्लंडच्या जेम्स राजाला मात्र हे व्यसन इतकं किळसवाणं वाटे, की १६०४ साली त्याने स्वतः त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. पुढे जकातीचा पैसा येऊ लागल्यावर सरकारने नाक मुरडत का होईना, तो मोजून घेतला.

तंबाखूचं पीक माणसाला वर्षभर मोकळं सोडत नाही. हिवाळा सरताना गादीवाफ्यात बी टाकायचं, मे महिन्याच्या आसपास एकेक रोप उपटून शेतात लावायचं. मग शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पानांवरच्या अळ्या हाताने वेचायच्या. कापणी झाली की पानं टांगून वाळवायची, आणि ती ना जास्त ओली ना जास्त सुकी असताना मोठ्या पिंपांत दाबून भरायची. यातलं कुठलंच काम बैल किंवा यंत्र करत नाही. दुसरी खोड अशी, की हे पीक तीन-चार वर्षांत जमिनीचा कस खाऊन टाकतं. मग ती वीसेक वर्षं पडीक ठेवायची आणि पुढचं रान तोडायचं. हात भरपूर हवेत आणि जमीन सतत नवी हवी, हे दोन हट्ट पिकाने पहिल्या दिवसापासून धरले.

भाव मात्र टिकला नाही. १६१९ च्या सुमारास चांगल्या पानाला रत्तलामागे तीन शिलिंग मिळत. १६३० च्या सुमारास तेच पान एक पेनीवर आलं. एका शिलिंगाच्या बारा पेनी, म्हणजे भाव छत्तीसाव्या हिश्श्यावर. भाव पडला की शेतकऱ्याने जास्त पिकवायचं, जास्त पिकलं की भाव आणखी पडायचा. हे चक्र कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

नाणी नव्हती, मग व्यवहार कसे होत?

इंग्लंड वसाहतीत फारशी नाणी पाठवत नसे, आणि आलेली नाणी माल आणायला परत जात. मग तंबाखूच नाणं झाला. कर रत्तलांत, दंड रत्तलांत, देणी रत्तलांत. १६२० साली कंपनीने नव्वद तरुण स्त्रिया वसाहतीत पाठवल्या. जो लग्न करील त्याने प्रवासखर्चापोटी १२० रत्तल चांगला तंबाखू द्यायचा. पुढच्या खेपेला दर १५० झाला. १६९६ च्या कायद्याने चर्चच्या पाद्र्याचा वार्षिक पगार १६,००० रत्तल ठरला.

यातली गोम लगेच लक्षात येईल. देणं रत्तलांत असेल तर कोणीही आपल्याकडचं सगळ्यात निकृष्ट, वाळूमिश्रित पान देण्याघेण्याला वापरणार आणि चांगलं पान लंडनला पाठवणार. त्यावर १७३० साली तपासणीचा कायदा आला. माल सरकारी गोदामात आणायचा, निरीक्षक तो उघडून पाहणार, टाकाऊ असेल तर जाळणार, चांगल्याची पावती देणार. लोक मग त्या पावत्याच हातोहात फिरवू लागले. मला या सगळ्या प्रकरणात हा कायदा फार हुशारीचा वाटतो. पिंप गोदामात पडून, आणि त्याचा कागद बाजारात नोटेसारखा चालतो.

जमीन उदंड, हात महाग

जमीन इतकी होती की कोणी दुसऱ्याच्या शेतावर राबायला तयार नव्हतं. म्हणून १६१८ साली कंपनीने नियम केला: जो एका माणसाचा प्रवासखर्च भरून त्याला व्हर्जिनियात आणील, त्याला त्या डोक्यामागे पन्नास एकर. म्हणजे मजूरही मिळाला आणि त्याच्या नावावर जमीनही. ज्याच्याकडे आधी पैसा होता, त्याची जमीन वाढत गेली.

मजूर यायचा तो कराराने. इंग्लंडमधल्या बेकार तरुणाकडे जहाजाच्या भाड्याचे सहाएक पौंड नसत. तो कागदावर सही किंवा अंगठा करायचा: भाडं तुम्ही भरा, मी चार ते सात वर्षं तुमच्याकडे बिनपगारी राबतो, अन्न-वस्त्र-निवारा तुमचा. सतराव्या शतकात या भागात आलेल्या इंग्रजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश असे करारी नोकर होते. ऊसतोडीची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल: पैसा आधी अंगावर पडतो, आणि मग अंगमेहनतीने फिटेपर्यंत माणूस बांधलेला. फरक असा, की इथे हंगाम वर्षानुवर्षांचा होता आणि मालक तो करार, म्हणजे पर्यायाने तो माणूस, तिसऱ्याला विकू शकत होता. पळून गेला, सापडला, की मुदत वाढायची. नोकर बाई गरोदर राहिली तरी मुदत वाढायची.

१६२३ साली रिचर्ड फ्रेथॉर्न या करारी तरुणाने आईवडिलांना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. इथे वाटाणे आणि पाण्यासारखी पेज यापलीकडे काही मिळत नाही, सोबतचे मरत आहेत, मला सोडवून न्या, अशी तो विनवणी करतो. त्याचं चुकत नव्हतं. हिवताप, हगवण, विषमज्वर यांनी नव्याने आलेले लोक पहिल्या उन्हाळ्यातच मोठ्या संख्येने जात. १६०७ पासून काही हजार लोक आले, पण १६२५ च्या शिरगणतीत वसाहतीत बाराशेच्या आसपासच माणसं भरली.

या पन्नास एकरांच्या नोंदींत एक नोंद आपल्याला थबकायला लावते. १६३५ साली जॉर्ज मेनेफी नावाच्या व्यापाऱ्याने ज्यांच्या बदल्यात जमीन मागितली, त्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे. म्हणजे शहाजीराजे निजामशाही वाचवण्यासाठी धडपडत होते त्या सुमाराला हिंदी महासागराकडचा एक माणूस व्हर्जिनियात पोचला होता. आणि हाच कराराचा साचा दोनशे वर्षांनी आपल्या दारातही आला. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत हिंदी मजूर गेले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती.

पण ही जमीन होती कोणाची?

'उदंड जमीन' हे इंग्रजांच्या बाजूचं वर्णन. स्थानिक लोक एक शेत काही वर्षं कसून पडीक सोडत, जंगलात शिकार करत, ऋतूप्रमाणे नदीकाठी येत. इंग्रजांना कुंपण आणि नांगर दिसला नाही की जमीन रिकामी वाटे. तंबाखूला सतत नवं रान हवं, आणि नदीकाठचं रान सर्वांत चांगलं, कारण जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागे. ती वस्त्यांचीही जागा होती.

२२ मार्च १६२२ ला पाउहॅटनचा वारस ओपेचानकनो याने एकाच दिवशी सगळीकडे हल्ला केला. ३४७ इंग्रज मारले गेले. कंपनी त्यातून सावरली नाही. १६२४ मध्ये राजाने सनद रद्द करून वसाहत स्वतःच्या ताब्यात घेतली. भागधारकांचे पैसे बुडाले. वसाहतकारांनी मात्र या हल्ल्याचं निमित्त करून पुढची अनेक वर्षं गावं जाळली, मक्याची उभी पिकं कापली. १६४६ च्या तहानंतर उरलेल्या जमातींना इंग्रजांना वार्षिक खंडणी देऊन राहावं लागलं.

करारापासून गुलामगिरीपर्यंत

ऑगस्ट १६१९ मध्ये 'व्हाइट लायन' नावाचं जहाज वीसेक आफ्रिकी माणसं घेऊन आलं. अंगोलातून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून नेलेल्या लोकांना वाटेत लुटून ती आणली होती. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अन्नधान्याच्या बदल्यात घेतलं. पण आजन्म, वंशपरंपरागत, कातडीच्या रंगावर ठरणारी गुलामगिरी त्या दिवशी कायद्यात नव्हती. ती पुढे तुकड्यातुकड्याने घडवली गेली, आणि मला ही सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट वाटते.

सुरुवातीला थोड्या आफ्रिकींची सुटका होत असे. १६२१ साली आलेला अँथनी जॉन्सन पुढे स्वतंत्र झाला, १६५१ मध्ये त्याच्या नावावर अडीचशे एकर जमीन होती. पण वारं दुसरीकडे वाहत होतं. १६४० साली तीन करारी नोकर पळाले आणि पकडले गेले. दोघा युरोपियनांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा, जॉन पंच, आफ्रिकी होता, त्याला आजन्म नोकरी ठोठावली. १६६२ मध्ये कायदा झाला, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजी रिवाजात सगळं बापावरून ठरत असे. नव्या नियमाने मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूलही मालकाची मालमत्ता ठरलं. १६६७ मध्ये ठरलं, बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटणार नाही. १७०५ मध्ये हे सगळं एका संहितेत बांधलं गेलं.

याच काळात का? हिशेब बदलला म्हणून. माणसं पहिल्या दोन-तीन वर्षांत मरत होती तोवर आजन्म गुलामासाठी जास्त किंमत मोजणं परवडत नव्हतं. १६५० नंतर आयुष्यमान वाढलं. इकडे इंग्लंडमधून येणारे करारी नोकर घटले, कारण तिथे मजुरी सुधारली आणि पेनसिल्व्हेनियासारख्या नव्या वसाहती त्यांना ओढू लागल्या. १६७६ मध्ये नथॅनियल बेकनने गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बंड केलं. मुदत संपलेले, भूमिहीन, हातात बंदूक असलेले गोरे तरुण आणि काही आफ्रिकीही त्यात होते, आणि त्यांनी जेम्सटाउन जाळलं. या बंडाला घाबरूनच मळेवाल्यांनी गुलाम आणले असं अनेकदा लिहिलं जातं. भीती होतीच, पण माझ्या मते हिशेबाचं वजन जास्त. १६९८ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपली, कोणीही गुलामांचा व्यापार करू लागला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हर्जिनियातले सुमारे चाळीस टक्के लोक आफ्रिकी वंशाचे होते.

'गोरेही गुलामच होते', 'आफ्रिकींनीच आफ्रिकींना विकलं'

हे दोन मुद्दे कुठल्याही चर्चेत येतात. पहिल्याचं उत्तर: करारी नोकराचे हाल खरे होते, पण त्याची मुदत संपायची, तो कोर्टात तक्रार करू शकायचा, आणि त्याचं मूल जन्मतः मालकाची मालमत्ता नसायचं. दुसरं: हो, आफ्रिकेतले काही राजे आणि व्यापारी या धंद्यात होते. पण समुद्रापलीकडे नेल्यावर त्या माणसाच्या नातवंडांपर्यंत कोण कोणाचं राहील हे व्हर्जिनियाच्या निवडून आलेल्या विधिमंडळाने ठरवलं. हे विधिमंडळ १६१९ च्या जुलैमध्ये भरलं, म्हणजे 'व्हाइट लायन' यायच्या महिनाभर आधी.

उत्तरेकडे असंच होतं का?

नाही. मॅसॅच्युसेट्सकडे जमीन खडकाळ, हिवाळा लांब. तिथे कुटुंबंच्या कुटुंबं आली, माणसं जास्त जगली, मासे, लाकूड आणि जहाजबांधणी यांवर पोट भरलं. तिथेही नाण्यांची टंचाई होती, तेव्हा काही काळ स्थानिकांचे शंखांचे मणी कायदेशीर चलन होते. मात्र तिथला मासा आणि लाकूड मोठ्या प्रमाणावर जायचं ते बार्बाडोससारख्या बेटांवरच्या साखरेच्या मळ्यांत, जिथे गुलाम राबत.

इंग्लंडला काय मिळालं, आणि मळेवाल्यांना?

वसाहतीने कच्चा माल द्यावा, पक्का माल घ्यावा आणि दोन्हींवरचा नफा मायदेशी राहावा, या विचाराला वाणिज्यवाद म्हणतात. १६५१ आणि १६६० च्या नौकानयन कायद्यांनी तो लागू केला. तंबाखू इंग्रजी किंवा वसाहतींच्या जहाजांतूनच जाणार, आणि आधी इंग्लंडलाच जाणार. तिथे जकात भरली की मग त्यातला मोठा हिस्सा हॉलंड, जर्मनी, फ्रान्सला जायचा. बदल्यात इंग्लंडमध्ये तंबाखू लावायला बंदी होती, त्यामुळे ती बाजारपेठ व्हर्जिनियाला बांधून मिळाली. एकतर्फी लूट म्हणण्याइतकं हे सरळ नव्हतं.

बोजा जाणवू लागला तो उधारीचा. मोठा मळेवाला पिंपं लंडनच्या आडत्याकडे पाठवायचा, आणि त्याच पत्रात कपडे, चिनीमातीची भांडी, बग्गी मागवायचा. माल काय भावाने गेला हे त्याला कित्येक महिन्यांनी कळायचं, तोवर खात्यात नावे पडलेलं असायचं. छोट्या शेतकऱ्याला हीच उधारी ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची दुकानं द्यायची.

१७५८ मध्ये पीक बुडालं आणि भाव चढला. तेव्हा विधिमंडळाने तंबाखूतली देणी रत्तलामागे दोन पेनी धरून रोख फेडायची मुभा दिली. बाजारभाव त्याच्या तिपटीच्या आसपास होता, आणि सोळा हजार रत्तल पगाराचे पाद्री भडकले. राजाने कायदा रद्द केला. १७६३ मध्ये एका पाद्र्याने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा पॅट्रिक हेन्री या तरुण वकिलाने कोर्टात राजाच्या अधिकारालाच हात घातला. ज्युरीने पाद्र्याला एक पेनी दिली.

स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा व्हर्जिनियाचे मळेवाले ब्रिटिश व्यापाऱ्यांचे फार मोठे देणेकरी होते. १७८३ च्या तहात ही देणी वसूल करण्यात अडथळा आणणार नाही असं अमेरिकेने कबूल केलं, पण व्हर्जिनियाची कोर्टं वर्षानुवर्षं टाळाटाळ करत राहिली. शेवटी १८०२ साली अमेरिकेच्या सरकारने सहा लाख पौंड मोजून तो हिशेब मिटवला.